कंबरेखाली सिलेक, कंबरेवर शेत: सुमात्राच्या ताटली-नृत्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: मुलगी तेरा वर्षांची, दोन वर्षं पेंचाक सिलाट ही इंडोनेशियाकडची युद्धकला खेळते, जिल्हास्तरावर दोन पदकंही आहेत. कुणीतरी तुम्हाला इंडोनेशियातल्या 'थाळी-नृत्या'चा व्हिडिओ पाठवला. त्यात दोन्ही तळहातांवर चिनी मातीच्या ताटल्या घेऊन माणसं गरागरा हात फिरवतात आणि शेवटी फुटक्या ताटल्यांच्या तुकड्यांवर नाचतात. तिचे प्रशिक्षक म्हणाले की हे सिलाटच आहे, तेव्हाच्या डच राज्यकर्त्यांपासून लपवायला त्याचा नाच केला, ताटल्या म्हणजे लहान ढाली. हे खरं का, आणि मुलीला शिकवलं तर खेळात उपयोग होईल का, असं तुम्ही विचारताय.

माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून आधी मी कोण ते सांगते. मी मुळात कथक शिकलेली. तिशीत असताना इंडोनेशिया सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर वर्षभर पश्चिम सुमात्रात पादांग पांजांगला राहिले. डोंगरातलं गाव, पाऊस इतका की लोक त्याला पावसाचं शहरच म्हणतात. दिवसा कला संस्थेत नाच आणि रात्री जवळच्या सासारानमध्ये सिलेक. सिलेक म्हणजे सिलाटच, मिनांगकाबाऊ बोलीतला उच्चार. सासारान म्हणजे आपली तालीम, फक्त लाल मातीचा हौदा नाही. कुणाच्या तरी घरामागचं अंगण आणि एक दिवा. त्यानंतर चार-पाचदा जाऊन आले. गेली सोळा वर्षं पुण्यात दोन्ही शिकवते, विद्यार्थी कधीच पंधरावर गेले नाहीत.

तर, तुमच्या प्रशिक्षकांचं अर्धं बरोबर आहे. पंचाईत अशी की चुकलेलं अर्धंच मुलीच्या सरावात उतरेल. ताटली म्हणजे ढाल असं एकदा डोक्यात बसलं की ती हातानं लढायला लागेल, आणि या नाचातली लढाई हातात नाहीच. म्हणून 'हा नाच की युद्धकला' हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कामाचा प्रश्न हा, की या नाचातलं नेमकं काय सिलेकमधून आलं, आणि ते ओळखायचं कशावरून.

आधी एक खुलासा. नाचाचं नाव तारी पिरिंग, मिनांगकाबाऊ बोलीत तारी पिरियांग. 'पिरिंग' म्हणजे ताटली, 'तारी' म्हणजे नाच. हा बालीचा नाही. पश्चिम सुमात्राच्या डोंगरपट्ट्यातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा आहे, आणि बहुतेक जण त्याचं मूळ सोलोकच्या बाजूला सांगतात. आपल्याकडे काहींना लगेच कुचिपुडीतलं तरंगम आठवतं. पण तिथं पितळी थाळी पायाखाली असते, इथं ताटली हातावर असते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

आणि उत्तर कुठल्या तारी पिरिंगबद्दल हवंय त्यावरही बरंच अवलंबून आहे. गावातल्या लग्नात दोन म्हातारे नाचतात ते वेगळं. रंगमंचावर सात मुली एका तालात नाचतात ते वेगळं. परदेशात 'इंडोनेशिया संध्या'च्या कार्यक्रमात दिसतं ते आणखी वेगळं. पहिल्यात सिलेक ठासून भरलेलं असतं. दुसऱ्यात ते नृत्यरचनाकाराच्या तालमीवर ठरतं. तिसऱ्यात बहुधा नुसत्या ताटल्याच उरतात. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ दुसऱ्या प्रकारातला आहे, आणि चांगला आहे.

आता नाचात सिलेक शिरलं कसं? यात गूढ काही नाही. मिनांगकाबाऊ समाज मातृवंशीय आहे. घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. जुन्या रीतीत मुलगा वयात येऊ लागला की त्याला आईच्या मोठ्या घरात झोपायला जागा नसे. गावातली पोरं सुराऊमध्ये झोपत. सुराऊ म्हणजे प्रार्थनेची जागा, आणि मुलांचं वसतिगृहही. संध्याकाळी कुराणपठण आणि रात्री अंगणात सिलेक. पुढे कमाईला मुलूख सोडून जायचं, त्याला ते मेरांताऊ म्हणतात, त्याआधी स्वतःचं रक्षण करता यायलाच हवं. त्याच काळात जाहीर ठिकाणी नाचणं हे पुरुषांचं काम होतं. म्हणजे लग्नात ताटल्या घेऊन उभा राहणारा पोरगा आदल्या रात्री सिलेकच्या अंगणात घाम गाळून आलेला असायचा. त्याला उभं राहण्याची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. आपल्याकडे तालमीतला गडी लेझीम खेळायला उतरला की त्याच्या मांड्या बघून कळतं ना, तसंच.

शिवाय त्यांच्याकडे लढाई आणि देखणेपण यांच्यात मुळात भिंत नाही. तिथे दोन शब्द आहेत. मांचाक म्हणजे दाखवण्यासाठी केलेला, सुंदर, तालातला भाग आणि सिलेक म्हणजे खरी झुंज. तुमच्या मुलीच्या खेळाच्या नावातही हे दोन्ही शेजारी बसलेत: पेंचाक आणि सिलाट. १९४८ मध्ये सुराकार्ता इथं इंडोनेशियाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हे जोडनाव रूढ होत गेलं. २०१९ मध्ये युनेस्कोनं या परंपरांची नोंद केली, तेव्हाही स्वसंरक्षणाबरोबर मनाची आणि कलेची बाजू धरली गेली. पारियामानच्या किनाऱ्याकडे तर लुआंबेक नावाचा प्रकार आहे. दोन पुरुष समोरासमोर, एक हल्ला करतो, दुसरा परतवतो, आणि एकदाही स्पर्श होत नाही. सोबत नुसतं गाणं. पहिल्यांदा बघताना मला ते लुटुपुटूचं वाटलं होतं. दहा मिनिटांनी एकाचा तोल इंचभर गेला आणि सगळा जमाव 'हो' करून ओरडला, तेव्हा कळलं की चालू होती ती खरीच लढाई.

आता शरीराकडे येऊ. मी विद्यार्थ्यांना एक वाक्य देते: कंबरेखाली सिलेक, कंबरेवर शेत.

कंबरेवर शेत का? तारी पिरिंगच्या पारंपरिक हालचालींची नावं ऐका: कुदळ मारणं, तण काढणं, रोपं उपटणं, लावणी, कापणी, मळणी, वाऱ्यावर भात उफणणं, कांडणं, पाखडणं. मधे एक 'थकवा काढणं' आणि एक 'शेतावर खाऊ नेणं' सुद्धा आहे. भाताचं पूर्ण वर्ष आहे हे. नाचाची गोष्टही तीच सांगतात, की पीक चांगलं आलं म्हणून देवतेला ताटल्यांतून अन्न वाहायचं, तेच पुढे नाच झालं. इस्लाम आल्यावर देवता मागे पडली आणि नाच लग्नकार्यांत आला. ढाल, तलवार, शत्रू यांतलं एकही नाव त्या यादीत नाही. ताटली ही जेवणाची ताटलीच आहे. आणि ढालीचं तोंड समोर असतं. इथं ताटली आकाशाकडे तोंड करून तळहातावर बसलेली. चिनी मातीची ढाल घेऊन लढायला जाणाऱ्याबद्दल काय बोलावं!

डचांपासून लपवण्याची गोष्टही मला पटत नाही. बोटातल्या अंगठीनं ताटल्या टणटण वाजवत, तालेंपोंग नावाची गोंगांची रांग बडवत, भर लग्नात कुणी काही लपवत नसतं. याच डोंगरांत १८२१ ते १८३७ पाद्री युद्ध झालं. लोक डचांशी सोळा वर्षं उघड लढले. ब्राझीलच्या कापोएरा या युद्धकलेबद्दल अशीच कथा सांगतात, तीच इथं येऊन चिकटली असावी असं मला वाटतं.

हातांबद्दल मात्र एक गोष्ट आहे, जी मीही सुरुवातीला चुकीची वाचली. ताटलीचा मूळ मार्ग असा: तळहात वर, ताटली पोटासमोरून आत, काखेखालून मागे, कोपर बाहेर फेकून पुन्हा पुढे. एवढ्यात हात पिळवटून जातो. मग तीच ताटली डोक्यावरून दुसरा फेरा घेते आणि पीळ सुटतो. दोन पूर्ण फेऱ्यांनंतर हात जसाच्या तसा. भौतिकशास्त्राचे शिक्षक इलेक्ट्रॉनचा स्पिन समजावताना कप किंवा पुस्तक घेऊन हीच युक्ती करून दाखवतात. ७२० अंश फिरल्याशिवाय मूळ जागी येत नाही. या मार्गाची पहिली पायरी, म्हणजे कोपर बरगडीशी आणून पुढचा हात फिरवणं, ही कुणी मनगट धरलं तर सोडवून घेण्याच्या सिलेकच्या पद्धतीशी हुबेहूब जुळते. पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या फटीतून हात निसटतो. मी वर्षभर हाच पुरावा म्हणून सांगत फिरले. मग फिलिपिन्समधल्या पांगासिनानचा बिनासुआन पाहिला. तिथं तळहातांवर मद्याचे पेले घेऊन नाचतात, आणि हाताचा मार्ग तोच. माणसाच्या खांद्याला वाटा तरी किती असणार? तळहातावरचं न सांडता हात फिरवायचा म्हटलं की कुणीही त्याच वाटेनं जाईल. त्यामुळे हाताच्या साम्यावरून नातं सिद्ध होत नाही. प्रशिक्षकांना हे जरूर सांगा, वादात उपयोगी पडेल.

काही नर्तक ताटली क्षणभर उलटी करून फिरवतात, तेव्हा ती पडत का नाही हेही मुलं विचारतात. वेग. हात खांद्यापासून तळव्यापर्यंत ६० सेंटीमीटर धरला तर वरच्या टोकाला सेकंदाला साधारण अडीच मीटर वेग पुरतो. म्हणजे दीड सेकंदात एक फेरा, फार नाही. अवघड आहे ते इतकंच, की वेग मधे कुठेही ढळू द्यायचा नाही.

खरा पुरावा पायात आहे. पुढच्या वेळी व्हिडिओ लावाल तेव्हा पडद्याचा वरचा अर्धा भाग वहीनं झाका आणि नुसते पाय बघा. पहिली गोष्ट, बैठक. गुडघे वाकलेले, कंबर खाली, आणि ती उंची नाचभर बदलत नाही. याला ते पितुंग्गुआ म्हणतात. दुसरी, वळण. दिशा बदलताना पाय उचलत नाहीत. कंबर पिळून शरीर वाराच्या रेषेतून बाजूला काढतात. हे गेलेक, सिलेकमधला अगदी पायाभूत धडा. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, रिकामं पाऊल. पुढचा पाय जमिनीला लागतो, पण त्यावर वजन नसतं. तो आधी जमीन चाचपतो. घसरत नाही, टोचत नाही, कुणी त्यावर वार करत नाही असं कळलं की मगच वजन सावकाश त्यावर उतरतं. शंका आली तर पाय परत. अंधारात, ओल्या अंगणात, भाताच्या बांधावर चालणाऱ्या लोकांची ही चाल आहे.

नुसता नाच शिकलेला माणूस या तीन गोष्टींत पकडला जातो. ताल वाढला की त्याची कंबर वर येते आणि पाऊल धपकन पडतं. माझ्या तिथल्या शिक्षिका ताटल्यांकडे बघायच्याच नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि पावलांच्या आवाजावरून चुका सांगायच्या.

आता काचा, कारण तुमच्या प्रश्नामागची खरी काळजी तीच असणार. यात चलाखी नाही, आणि चमत्कारही लागत नाही. त्वचा सरळ खाली येणारा दाब बराच सोसते. कापली जाते ती आडव्या ओढीनं. भाजी चिरताना सुरी नुसती दाबली तर टोमॅटोही नीट कापत नाही, ओढली की कापतो. तुकडे भरपूर असले की वजन विभागलं जातं, थोडे असले की एकावरच येतं, म्हणून जाणते लोक ढीग दाट करतात. मग उरतं ते पाऊल सरळ ठेवणं, वजन हळू उतरवणं, घासायचं नाही आणि पायावर वजन असताना वळायचं नाही. हेच ते रिकामं पाऊल! माझ्या दृष्टीनं नाच आणि सिलेक यांचा सांधा इथं उघड दिसतो: शेवटचा काचांचा भाग म्हणजे रात्रीच्या तालमीत कमावलेल्या पावलाची चार लोकांसमोर घेतलेली परीक्षा. ज्याचं पाऊल कच्चं त्याची टाच फाटते.

माझी फाटली होती. दुसऱ्या खेपेला, अतिआत्मविश्वासानं. वजन डाव्या पायावर असतानाच गेलेक केला. तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. त्या भागात दाबुइह नावाची परंपराही आहे, प्रार्थनेच्या बळावर शस्त्रानं जखम होत नाही असं मानणारी, आणि काही मंडळी काचांवर जाण्याआधी प्रार्थना करतात. त्यांच्या श्रद्धेवर मी काही बोलणार नाही. तुमच्या मुलीनं मात्र काचांच्या जवळ जायचं नाही. मी स्वतः अठरा वर्षांखालच्या कुणालाही तिथं नेत नाही, आणि वरच्यांनाही क्वचितच.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर एक भर. आज रंगमंचावर या नाचात मुलीच जास्त दिसतात, पण ते आपोआप झालं नाही. हुरिया आदाम यांनी पुरुष गुरूंकडे सिलेक शिकून त्यातून मिनांगकाबाऊ नृत्याचं नवं तंत्र उभं केलं. १९७१ मध्ये विमान अपघातात त्या गेल्या, अवघ्या पस्तिशीत. गुस्मियाती सुइद लहानपणापासून सिलेकमध्ये वाढल्या, आणि १९८२ मध्ये त्यांनी गुमारांग साक्ती हा नृत्यसंघ काढला. या दोघींनी नाचाला सिलेकचे पाय परत दिले असं मी म्हणेन, कारण मधल्या काळात सभागृहांतला नाच गोडगुळगुळीत होत चालला होता. तुमच्या मुलीला ही नावं सांगा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: नातं खरं आहे, पण ते वेषांतराचं नव्हे, शेजाराचं. एकाच अंगणातली तीच पोरं दोन्ही करत होती. ताटल्या आणि हात शेतीचे, बैठक आणि पाऊल सिलेकचं.

आता उपयोगाचं. तुमची मुलगी तांदिंगमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत उतरते की तुंगालमध्ये, म्हणजे एकटीनं करायच्या प्रकारात, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि उत्तर त्यावर आहे. लढतीत गुण ठोसा, लाथ आणि पाडण्याचे. ताटलीनं त्यातला एकही वाढणार नाही. पायाची परतफेड मिळेल, पण सहा महिन्यांनी, आणि तोवर प्रशिक्षक कुरकुर करतील. तुंगालमध्ये मात्र तीन मिनिटांत ठरलेल्या १०० हालचाली बिनचूक करायच्या असतात, हात रिकामे, मग गोलोक म्हणजे कोयता, मग लाठी. तिथं मनगट मोकळं असणं आणि बैठक न उठणं यांना थेट किंमत आहे. माझ्याकडच्या दोन मुलींना गोलोक फिरवताना कोपर अडायचं. ताटलीचे दोन फेरे तीन महिने केल्यावर सुटलं. दोनच मुली, तेव्हा याला नियम समजू नका.

सुरुवात करायचीच तर पहिला महिना ताटली नको. रिकाम्या पावलाची चाल, रोज दहा मिनिटं, अनवाणी, उंची न बदलता. उंची कळायला भिंतीवर खडूची रेघ मारा. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेनं वाकला पाहिजे, आत पडला तर त्या दिवशी थांबा. या वयात गुडघे फुकट घालवायचे नसतात. मग स्टीलची नाश्त्याची ताटली, एकाच हातावर, उजवा झाला की डावा. अंगठ्यानं कड धरायची नाही. तिला ते सगळ्यांत जड जाईल, कारण सिलाटमध्ये पकडायला शिकवलंय आणि इथं तळवा उघडा ठेवून भरवसा टाकायचा आहे. ताटलीत मूठभर तांदूळ टाका. सांडले की चूक कुठे झाली ते जमिनीवरच लिहिलेलं असतं. दोन्ही हात एकत्र त्यानंतर. बोटातली अंगठी आणि तिचा टणत्कार सगळ्यांत शेवटी, कारण एक बोट सुटं केलं की आधार चारच बोटांचा उरतो. आणि तिला ताटलीकडे बघू देऊ नका. शिक्षा म्हणून नव्हे, समोरच्या खिडकीत काय चाललंय ते नाचता नाचता तुम्हाला सांगायला लावा.

ते म्हणतात, 'रासो' वर न्यायचा आणि 'पारेसो' खाली आणायचा. रासो म्हणजे आपला रस, जाणीव. पारेसो म्हणजे तपासणी. माझ्या शिक्षिका हे सांगताना आधी स्वतःच्या कपाळाकडे आणि मग छातीकडे बोट दाखवत. तेरा वर्षांच्या मुलीला हे समजावायची गरज नाही, तांदूळ पुरेत.

चिनी मातीच्या घ्याल तेव्हा कडेला जाड, खाली गोल बूड असलेल्या, चहाच्या बशीहून थोड्या मोठ्या बघा. बोन चायना नको, महाग आणि पातळ. दोन लागतात, पण सहा आणा. आणि सराव सतरंजीवर, घरच्या फरशीवर नको. खालच्या मजल्यावरचे लोक माझ्याकडे अजून चांगल्या नजरेनं बघत नाहीत.